घडीच्या चाकूचा खटका

स्वित्झर्लंडच्या लष्करात दाखल होणाऱ्याला एक घडीचा चाकू मिळतो. २००८ साली ठरलेला त्याचा सध्याचा नमुना एका हाताने उघडतो आणि उघडल्यावर पाते खटक्याने पक्के बसते. त्याच वर्षी शेजारच्या जर्मनीने नेमके असेच चाकू सबळ कारणाशिवाय जवळ बाळगून फिरायला बंदी घातली. म्हणजे शिपायाला सरकारने दिलेला चाकू सीमेपलीकडे अडचणीचा! खिशातल्या चाकूबद्दलचे बरेचसे कायदे असे पात्याइतकेच किंवा त्याहूनही जास्त खटक्याकडे पाहतात. हे का, ते कळायला थोडे मागे जावे लागते.

चाकू मिटून जवळ ठेवायची युक्ती जुनी आहे. ऑस्ट्रियातल्या हालस्टाटचा हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. रोमन काळातलेही असे चाकू सापडले आहेत. त्यांना ना स्प्रिंग, ना खटका. पाते एका खिळ्यावर फिरायचे आणि घर्षणावर जागेवर राहायचे. खिळा सैल झाला की पाते डुगडुगले. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग बसवायला सुरुवात केली. नखाच्या खाचेत नख घालून पाते ओढायचे, आधी पट्टी ताठ विरोध करते, मग अर्ध्यावरून पुढे तीच पाते झटक्यात उघडून देते. पण ती पट्टी पाते फक्त धरून ठेवते, अडकवत नाही. पात्याच्या पाठीवर जोर पडला तर ते बोटांवर मिटते. ही मर्यादा पुढे कायद्याच्या दृष्टीने अशा चाकूचा गुण ठरली.

स्विस चाकूची कुळकथाही खिशाचीच आहे. १८८९ च्या नव्या रायफलीचे भाग सुटे करायला शिपायाला स्क्रू-ड्रायव्हर हवा होता आणि डबाबंद अन्न उघडायला काहीतरी. दोन्ही कामे एका चाकूत बसवायचे ठरले. एवढी मोठी मागणी पुरवणारा कारखाना देशात नव्हता, म्हणून १८९१ मधली पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली. श्विझ भागातल्या इबाखचे चाकू कारागीर कार्ल एल्झनर यांना हे रुचले नाही. त्यांनी काम स्वतःकडे घेतले आणि झोलिंगेनच्या स्वस्ताईपुढे कर्जात बुडायची वेळ आणली. त्यांना तारले ते १८९७ साली नोंदवलेल्या ‘ऑफिसर’ चाकूने. एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची अवजारे तोलायची, ही त्यातली खरी करामत. गंमत म्हणजे हा चाकू लष्कराने कधी अधिकृतपणे दिलाच नाही. अधिकारी तो पदरमोड करून घेत. एल्झनरांच्या आईचे नाव व्हिक्टोरिया, त्यावरून पुढे कंपनीचे नाव व्हिक्टोरिनॉक्स झाले. परदेशातले नातेवाईक भेट म्हणून आणतात तो लाल चाकू याच घराण्यातला.

पाते पक्के अडकवायची गरज कारागिरांना होतीच. फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेल १८९० पासून लाकडी मुठीचा साधा चाकू करत होते. १९५५ मध्ये त्याला फिरते कडे आले: कडे वळवले की पाते जागच्या जागी पक्के. अमेरिकेत बक कंपनीचा पाठीत खटका असलेला चाकू १९६४ सालचा. तिथल्याच स्पायडर्कोने १९८१ मध्ये पात्याला अंगठ्यासाठी गोल भोक आणि मुठीला खिशाची क्लिप दिली. आज ‘ईडीसी’ (एव्हरीडे कॅरी, म्हणजे रोज जवळ बाळगायच्या वस्तू) या नावाने जे काही विकले जाते त्याचा मुळारंभ माझ्या मते इथेच. चाकू खिशाच्या तळाशी न हरवता काठाला लटकू लागला आणि दुसरा हात मोकळा राहिला.

पण झटकन उघडण्याचा हाच गुण लोकांना भीतीदायक वाटत आला होता. बटण दाबताच पाते बाहेर येणाऱ्या चाकूंविरुद्ध अमेरिकेने १९५८ मध्ये, ब्रिटनने १९५९ मध्ये कायदे केले. जपानमध्ये १९६० साली समाजवादी नेते आसानुमा यांचा भर सभेत खून झाला. शस्त्र होते आखूड तलवार, पण त्यानंतरच्या चाकूविरोधी मोहिमेत मुलांच्या दप्तरातला पेन्सिली तासायचा ‘हिगोनोकामी’ चाकूही गेला, ज्याला खटका नावालाही नव्हता. ब्रिटनमध्ये आज तीन इंचांपर्यंतचा, न अडकणारा घडीचा चाकू कारण न सांगता जवळ ठेवता येतो. खटका असला की ती सवलत नाही.

आपल्याकडे या सगळ्याची जागा रामपुरीने घेतली. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या नवाबी काळात वाढलेला हा धंदा. पाते नऊ-दहा इंची, आणि उघडताना दाते अडकत जाणारा तो कटकट आवाज. हिंदी सिनेमातल्या गुंडाला संवादाचीही गरज पडेना, आवाज पुरे. नव्वदच्या दशकात लांब पात्यांवर निर्बंध आले आणि कारागीर उसाच्या रसासारखे आटत गेले. २०२३ मध्ये शहराने वीस फुटी चाकूचा पुतळा उभारून चौकाला चाकूचे नाव दिले. धंदा मोडल्यावर स्मारक, हा आपला जुना शिरस्ता. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या किंवा गरारीच्या (दात्यांच्या खटक्याच्या), ७.६२ सेंटीमीटर आणि त्याहून लांब पात्याच्या चाकूंवर बंधन घातले. ७.६२ म्हणजे बरोबर तीन इंच.

देशभरच्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र ठरते, घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाचे सोडून. ट्रेकला नेलेला छोटा चाकू त्यात बसत नाही. महाराष्ट्रात मात्र पोलीस कायद्याचे कलम ३७(१) लक्षात ठेवावे. सण, निवडणूक, तणाव असला की वर्तमानपत्रात ‘मनाई आदेश’ म्हणून चार ओळी येतात, त्यात तलवारी-भाल्यांच्या रांगेत सुरे आणि लाठ्याही असतात. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय हा आदेश पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही, पण तेवढ्या काळात खटका आहे की नाही हे कोणी विचारत नाही.