बदल विषाणूचा की एन्झाइमचा?

दूध तुटल्यावर काही आठवड्यांत डुकराचं पिल्लू खंगू लागलं, धापा टाकू लागलं, जांघेतल्या लसिका गाठी सुजल्या, तर संशयितांच्या यादीत पोर्साइन सर्कोव्हायरस-२ म्हणजे पीसीव्ही-२ असतोच. गोव्यात परसातली डुकरं आहेत, आगोंद गोवनसारखी स्वतःची जात आहे. बाहेरून आणलेल्या पिल्लांबरोबर विषाणूचा कोणता प्रकार आला, हे नुसती लक्षणं पाहून कळत नाही. त्यासाठी जनुकच वाचावं लागतं.

या विषाणूचा जीनोम म्हणजे जेमतेम १७६७-६८ बेसची एकेरी, गोल डीएनए साखळी. त्यातलं ओआरएफ-२ हे सुमारे ७०२ बेसचं जनुक कवचाचं प्रथिन बनवतं. अशी ६० प्रथिनं मिळून एक कवच होतं. प्राण्याची प्रतिकारशक्ती मुख्यतः हेच कवच ओळखते, म्हणून क्लोनिंगसाठी, म्हणजे जनुक जीवाणूत घालून त्याच्या प्रती वाढवून वाचण्यासाठी, याच जनुकाची निवड होते.

नमुना जांघेतल्या गाठीचा घ्यावा आणि बर्फावर आणावा. फॉर्मेलिनमध्ये टाकला तर डीएनएचे तुकडे पडतात आणि ७०० बेसचा सलग पट्टा हाती लागणं कठीण होतं. २५ मिलीग्रॅम ऊतक पुरतं; जास्त घातलं की डीएनए शुद्ध करायच्या किटमधली गाळणनळी (कॉलम) तुंबते.

मग पीसीआरने, म्हणजे नळीत फेऱ्याफेऱ्यांनी, जनुकाच्या प्रती वाढवतात. प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे म्हणजे प्रायमर; ते जनुकाच्या टोकांवर न बसवता थोडे बाहेर बसवावेत. प्रायमरखाली जे बेस येतात ते पीसीआरनंतर प्रायमरचे असतात, विषाणूचे नव्हेत. पीसीव्ही-२च्या २बी, २डी अशा प्रकारांपैकी २डीमध्ये जनुक तीन बेसनी लांब असतं, त्यामुळे प्रथिनाच्या शेवटी लायसिन हे एक अमिनो आम्ल जास्त येतं. प्रायमर नेमका तिथेच बसवला तर हा फरक पुसला जातो. जीनोम गोल असल्यामुळे बाहेर जागा शोधायला अडचण नसते.

पीसीआरमध्ये प्रती बनवणारं एन्झाइम निवडताना घाई करू नये. टॅक पॉलिमरेज तुकड्याच्या टोकाला एक ‘ए’ जोडतं आणि टी-व्हेक्टरला, म्हणजे तुकडा जीवाणूत नेणाऱ्या, टोकाला ‘टी’ असलेल्या प्लास्मिडला (गोल डीएनएला), तेच हवं असतं, म्हणून ते सोयीचं. पण ते स्वतःच्या चुका दुरुस्त करत नाही. प्रत्येक दुपटीला लाख बेसमागे दोन चुका धरल्या, तरी ३० फेऱ्यांनंतर ७०२ बेसच्या साधारण तीनांपैकी एका रेणूत चूक असते. चुका सुधारणारं एन्झाइम वापरलं तर टोकं बोथट राहतात. मग तुकडा आधी शुद्ध करून टॅक आणि डीएटीपी (‘ए’चा कच्चा माल) यांच्याबरोबर ७२ अंशांवर २० मिनिटं ठेवावा लागतो. शुद्ध न करता हे केलं तर उरलेलं एन्झाइम जोडलेला ‘ए’ पुन्हा कुरतडून टाकतं. आमच्या मते हा एक टप्पा वाढला तरी चालेल, पण सुधारणारंच एन्झाइम घ्यावं.

तीन हजार बेसचा व्हेक्टर ५० नॅनोग्रॅम असेल तर एकास तीन प्रमाणासाठी तुकडा ३५ नॅनोग्रॅम लागतो. तुकडा व्हेक्टरला जोडणाऱ्या लायगेज एन्झाइमच्या बफरमधलं एटीपी वारंवार गोठवल्या-वितळवल्याने निकामी होतं, त्यामुळे बाटली आली की लगेच छोटे भाग करून ठेवावेत. जोडलेला व्हेक्टर जीवाणूत घालून ते प्लेटवर वाढवले की ठिपक्यांसारख्या वसाहती दिसतात; त्याच न येण्यामागे बरेचदा हे कारण असतं.

पावसाळ्यात इथल्या दमट हवेत प्लेट वाळत नाहीत. ओल्या प्लेटवर वसाहती पसरून एकमेकींत मिसळतात आणि एक म्हणून उचललेल्या वसाहतीत दोन निघतात. प्लेट लॅमिनार फ्लोमध्ये झाकण उघडून अर्धा तास ठेवावी. ३७ अंशांवर १६ ते १८ तास पुरेत. त्यापुढे प्लेटमधलं, प्लास्मिड नसलेल्या जीवाणूंना रोखणारं अँपिसिलिन हे प्रतिजैविक संपत जातं आणि खऱ्या वसाहतींभोवती प्लास्मिड नसलेल्या बारीक वसाहती उगवतात. रिकाम्या व्हेक्टरच्या वसाहती निळ्या होतात; पांढरी वसाहत म्हणजे व्हेक्टरमध्ये काहीतरी शिरलंय, एवढंच. आपलंच जनुक शिरलंय का, हे प्लास्मिड काढून, एन्झाइमने कापून, जेलवर ७०० बेसच्या आसपासची पट्टी दिसली की कळतं.

सिक्वेन्सिंगला, म्हणजे बेसचा क्रम वाचायला, निदान तीन क्लोन (वेगवेगळ्या वसाहतींतली प्लास्मिडं), दोन्ही बाजूंनी द्यावेत. त्याच पीसीआरचा न क्लोन केलेला तुकडाही थेट वाचून घ्यावा. थेट वाचनात बहुमताचा बेस दिसतो. एकाच क्लोनमधला वेगळा बेस तिथे दिसत नसेल तर तो बहुधा एन्झाइमचा. थेट वाचनाच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली तर पिल्लात दोन प्रकारांचा संसर्ग असू शकतो.

विश्लेषणाआधी व्हेक्टरचा भाग काढून टाकावा आणि दिशा तपासावी. टी-व्हेक्टरमध्ये तुकडा कोणत्याही दिशेने बसतो, शिवाय ओआरएफ-२ जीनोमच्या पूरक साखळीवर आहे. सिक्वेन्स उलटा राहिला तर प्रथिनात भाषांतर करताना मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन थांबवणाऱ्या खुणा) दिसू लागतात. प्रकार ठरवायचा तो संपूर्ण जनुकाच्या वंशवृक्षावरून, १००० बूटस्ट्रॅप (फांद्या किती भरवशाच्या हे पाहणाऱ्या फेरचाचण्या) घेऊन. पडताळणीला ८९वं अमिनो आम्ल पाहावं: २बी प्रकारात तिथे सहसा आर्जिनिन, २डीमध्ये ल्युसीन.

अर्धं जनुक २बीसारखं आणि अर्धं २डीसारखं निघालं, तर विषाणूंचं पुनर्संयोजन, म्हणजे दोन प्रकारांच्या जनुकांची अदलाबदल, झाल्याचं लगेच लिहू नये. मिश्र नमुन्यात अर्धवट राहिलेली साखळी पुढच्या फेरीत दुसऱ्या प्रकाराच्या डीएनएवर बसते आणि असा जोड-तुकडा नळीतच तयार होतो. फेऱ्या २५वर आणाव्यात, विस्ताराचा वेळ वाढवावा आणि मूळ डीएनएपासून स्वतंत्र पीसीआर करावा. पुन्हा त्याच जागी तोच सांधा आला, तरच तो विषाणूचा मानण्याचा विचार करावा.