घरगुती हिंसा आणि धर्माधारित हस्तक्षेप (भारतीय मुस्लिम समाज)

घरात मारहाण, छळ, उपासमार किंवा धाक सोसणाऱ्या मुस्लिम स्त्रीला कुराण, हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) आणि फिक्ह (धर्मशास्त्रीय कायदा) यांच्या आधारे, काझी, इमाम, जमात (समाजाची पंचायत) किंवा महिला संघटना यांच्यामार्फत संरक्षण व न्याय मिळवून देण्याचे प्रयत्न. बायकोवर हात टाकणे ही काही एका धर्माची मिरास नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. ‘नवऱ्याने मारले, पावसाने झोडपले, तर दाद कुणाकडे मागायची’ ही म्हण मराठीत सगळ्याच घरांत रुळलेली आहे. तरीही या विषयाची वेगळी नोंद लागते, कारण इथे मारणारा ‘मला हा हक्क दिलेला आहे’ म्हणतो, आणि मार खाणारीला ‘सब्र कर, अल्लाह बघतोय’ असे सांगितले जाते. दोन्ही वाक्ये धर्माच्या नावाने येतात, म्हणून त्यांना उत्तरही धर्माच्या भाषेत द्यावे लागते. शिवाय बाईची पहिली धाव सहसा पोलीस चौकीकडे नसते. ती आधी माहेरी जाते, मग मोहल्ल्यातल्या मौलानांकडे किंवा जमातीकडे.

वादाचे मूळ कुराणातल्या चौथ्या सूरेच्या (अध्यायाच्या) ३४ व्या आयतीत (वचनात) आहे. पत्नीच्या ‘नुशूझ’बद्दल (बंडखोर वर्तन) तीत तीन पायऱ्या येतात: समजावणे, शय्या वेगळी करणे आणि तिसरा शब्द ‘दरब’. त्याचा रूढ अर्थ ‘मारणे’ असा होतो. जुन्या भाष्यकारांनी या शब्दाला बरीच कुंपणे घातली. जखम होऊ नये, चेहऱ्यावर मारू नये, आणि आरंभीचे भाष्यकार इब्न अब्बास यांच्या नावे सांगितले जाते त्याप्रमाणे दात घासायच्या काडीपलीकडे काही वापरू नये. मक्केचे आरंभीचे विधिज्ञ अता यांनी तर पुरुषाने मारू नयेच, फक्त नाराजी दाखवावी, असे मत दिले. विसाव्या शतकात ट्युनिशियाचे इब्न आशूर यांनी अशा नवऱ्यांना रोखण्याचा व शिक्षा करण्याचा अधिकार राज्यसत्तेला आहे असे मांडले. अमेरिकेतील लाले बख्तियार यांनी २००७ मधील आपल्या अनुवादात त्याच शब्दाचा अर्थ ‘त्यांच्यापासून दूर जा’ असा लावला आणि त्यावर मोठे वादळ उठले. व्याकरणाचा हा वाद लवकर मिटणारा नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना त्यापेक्षा पैगंबरांचे आचरण अधिक उपयोगी पडते. त्यांनी कधी कोणत्या स्त्रीवर किंवा नोकरावर हात उगारला नाही, ही त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांची साक्ष ‘सहीह मुस्लिम’ या हदीस-संग्रहात आहे. नवऱ्यांच्या तक्रारी घेऊन पुष्कळ बायका पैगंबरांच्या घरी आल्या, तेव्हा ‘असे पुरुष तुमच्यातले चांगले पुरुष नव्हेत’ असे ते म्हणाल्याचे अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात आहे.

याच संग्रहातली हबीबा बिन्त सहल यांची हकीकत या विषयाच्या गाभ्याशी आहे. नवऱ्याने मारून तिचे हाड मोडले. पहाटेच्या नमाजानंतर ती पैगंबरांच्या दारी आली. त्यांनी नवऱ्याला बोलावले, मेहेरात (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायच्या मालमत्तेत) दिलेल्या दोन बागा परत घ्यायला सांगितले आणि तिला सोडायला लावले. ‘परत नांदायला जा’ असे तिला कुणी म्हटले नाही. खौला बिन्त सालबा हिची तक्रार तर अठ्ठावन्नाव्या सूरेच्या पहिल्याच आयतीत येते. नवऱ्याने ‘तू मला आईच्या पाठीसारखी’ असे म्हणून तिला ना बायको, ना मोकळी अशा अवस्थेत टाकले होते. ती वाद घालत राहिली, आणि त्या सूरेचे नावच ‘अल्-मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी स्त्री, असे पडले. दाद कुणाकडे मागायची, या म्हणीतल्या प्रश्नाला इथे उत्तर मिळते. तरी घरच्या तंट्यावर बोलताना चौथ्या सूरेची आयत जितक्या वेळा काढली जाते, तितक्या वेळा ही निघत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

धर्मशास्त्रातून स्त्रीसाठी वाट काढण्याचा भारतातला सर्वांत मोठा प्रयत्न उलेमांनीच (धर्मपंडितांनीच) केलेला आहे. भारतात रूढ असलेल्या हनफी मताप्रमाणे (सुन्नी फिक्हच्या चार परंपरांपैकी एक) क्रूर नवऱ्यापासून सुटण्याची सोय स्त्रीला जवळजवळ नव्हती. ब्रिटिश काळात, विशेषतः पंजाबात, निकाह तुटावा म्हणून काही स्त्रिया धर्म सोडू लागल्या. या पेचाने अस्वस्थ झालेल्या मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३० च्या दशकात मालिकी या दुसऱ्या परंपरेच्या मताचा आधार घेता येतो असा निर्वाळा दिला. पुढे मुहम्मद अहमद काझमी यांच्या विधेयकातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नित्य मारहाण तर त्यात आलीच, पण शारीरिक इजा नसली तरी वागणुकीने आयुष्य असह्य करणे हेही त्यात क्रूरतेत मोडते. मानसिक छळाला इतक्या स्पष्टपणे क्रूरता म्हणणारा हा कायदा घरगुती हिंसाचार कायद्याच्या ६६ वर्षे आधीचा आहे.

चौथ्या सूरेची ३५ वी आयत हस्तक्षेपाची रीत सांगते: दुही पडल्यास एक हकम (मध्यस्थ) नवऱ्याच्या घरातला आणि एक बायकोच्या घरातला नेमावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात (२००२) याच तत्त्वावर बोट ठेवले. नवऱ्याने ‘तलाक दिला’ म्हटल्याने भागत नाही; सबळ कारण आणि आधी झालेली मध्यस्थी त्याला सिद्ध करावी लागते, असा तो निर्णय आहे.

मध्यस्थी चांगली, पण मध्यस्थ कोण? गावोगावच्या जमाती आणि दारुल-कझा (काझीची अदालत) पुरुषांच्याच राहिल्या. अनेक ठिकाणी बाईचे गाऱ्हाणे तिच्या अपरोक्ष तिचा बाप किंवा भाऊ मांडत असे. यावर तमिळनाडूत पुदुक्कोट्टईच्या दाऊद शरीफा खानम यांनी स्त्रियांची स्वतंत्र जमात उभी केली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलन ही संघटना २००७ मध्ये स्थापन झाली. झकिया सोमण आणि नूरजहाँ सफिया नियाझ या तिच्या संस्थापक. तिने २०१३ पासून मुंबईत व इतरत्र ‘औरतों की शरिया अदालत’ सुरू केली आणि पुढे स्त्रियांना काझीपदाचे शिक्षण दिले. २०१६ मध्ये जयपूरच्या दोघी काझी झाल्या, तेव्हा स्त्री काझी होऊच शकत नाही असा आक्षेप अनेक उलेमांनी घेतला. या अदालतींतले मोठे वेगळेपण साधे आहे: बाई स्वतः बोलते, आणि समोर बाईच ऐकते. कुठे लागले, मुले कुठे झोपतात, शय्येवर जबरदस्ती होते का, हे प्रश्न दाढीवाल्या बुजुर्गांच्या बैठकीत निघणे अवघड असते.

महाराष्ट्रात याहून वेगळी वाटही आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेणारे हमीद दलवाई आणि त्यांनी १९७० मध्ये पुण्यात स्थापलेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ यांनी धर्मग्रंथाच्या नव्या अर्थापेक्षा राज्यघटना आणि समान कायदा यांवर भर दिला. दोन वाटांतला मतभेद खरा आहे. मात्र पाठीवर वळ घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईला दोन्हीकडची माणसे हवी असतात.

धर्माधारित हस्तक्षेपाचा सर्वांत मोठा धोका ‘सुलह’ या शब्दात आहे. भांडण असेल तर समेट होतो. मारहाण म्हणजे भांडण नव्हे. ज्याच्या धाकाने ती बोलत नाही त्याच्याच शेजारी बसवून तिची संमती विचारली, तर तो समझौता कागदावरच राहतो आणि घरी गेल्यावर तक्रार केल्याची शिक्षा वेगळी मिळते. म्हणून जाणते मध्यस्थ दोघांना वेगवेगळे भेटतात, आधी जिवाला धोका आहे का ते पाहतात आणि धोका असल्यास सुलहचे नावही काढत नाहीत. अमेरिकेत शरीफा अलखतीब यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या ‘पीसफुल फॅमिलीज प्रोजेक्ट’ने इमामांना याच गोष्टी शिकवण्याचे काम हाती घेतले. शुक्रवारच्या खुतब्यात (प्रवचनात) हिंसेविरुद्ध चार वाक्ये आली, तरी मारणाऱ्याच्या हातातला धर्माचा आधार ढिला होतो. ‘भावाला मदत करा, तो जुलूम करणारा असला तरी, त्याचा हात धरा (म्हणजे त्याला रोखा)’ ही बुखारी या संग्रहातली हदीस त्यासाठी पुरेशी आहे.

कायद्याच्या दृष्टीने या यंत्रणांना मर्यादा आहेत. फतवा किंवा दारुल-कझाचा निवाडा कुणावर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. ‘खुला’ (स्त्रीने मागून घेतलेला विवाहविच्छेद) हा स्त्रीचा एकतर्फी हक्क आहे, नवऱ्याची संमती लागत नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. पण खासगी शरिया परिषदेने दिलेल्या खुल्याच्या प्रमाणपत्राला वैधता नाही, त्यासाठी कुटुंब न्यायालयात जावे, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून मारहाणीला मनाई, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम आणि मुलांचा ताबा मागता येतो. काझीकडे प्रकरण चालू आहे म्हणून हा अर्ज अडत नाही, आणि हा अर्ज केला म्हणून तिचा मेहेराचा किंवा खुल्याचा हक्क जात नाही.