कोकणातल्या शाळांत मुलाचं ऐकून कोण घेत आलं?

कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये वेगळं झालं. तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात कोकण राज्यात पहिलं, ही दरवर्षीची ठरलेली बातमी आहे. याच पट्ट्यातल्या शाळांनी तक्रारपेटी लावावी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमावी, मुलांसाठी समुपदेशनाची सोय करावी, असं आता शासन सांगतं. निकाल एवढा चांगला असताना हे सगळं कशाला, असा प्रश्न पालकसभेत कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं, कारण मुलाला शाळेत आपलं वाटतं की नाही हा प्रश्न कोकणात समुपदेशकाच्या फार आधीचा आहे.

सुरुवातीला तो मनाचा प्रश्न नव्हताच, बसायच्या जागेचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दापोली ही महार समाजातल्या निवृत्त सैनिकांची मोठी वस्ती होती. त्यातले बरेच जण लष्करात लिहायला-वाचायला शिकलेले, त्यामुळे मुलांनी शिकलं पाहिजे हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर याच वर्तुळातले. या पेन्शनरांनी अर्जविनंत्या करून मुलांसाठी शाळेचं दार ठोठावलं. मुलांना आत घेतलं गेलं, पण बसवलं पडवीत. वर्गात चाललेलं बाहेरून ऐकायचं, पाटी लांबून दाखवायची. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे ज्यांचं मूळ गाव, त्या बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागलं, ते याच व्यवस्थेचं घाटावरचं रूप.

कायद्याचं पाऊल १९२३ मध्ये पडलं. सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि सरकारी शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी शाळांमधून मुलांना सरमिसळ बसवण्याची मोहीम चालवली. गावोगावी विरोध झाला, मुलं शाळेतून काढून घेण्याच्या धमक्या आल्या. एका बाकावर बसवल्याने जवळीक आपोआप येते असं नाही, पण पडवीतल्या मुलाशी शिक्षकाचं नातं जुळणार तरी कसं? त्यामुळे या विषयाचा इतिहास इथूनच धरावा असं मला वाटतं. समुपदेशनाच्या पुस्तकांत तो नसतो.

शाळेच्या दारात पारख व्हायची ती जातीपुरतीच, असंही नाही. मुरूडचे धोंडो केशव कर्वे कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला परीक्षेला गेले, तेव्हा हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं. एवढी पायपीट करून आलेल्या पोराची चौकशी करावी असं तिथे कुणाला वाटलं नसावं. व्यवस्था तशीच होती: पंतोजी, छडी, घोकंपट्टी.

याला छेद देणारा माणूस दापोली तालुक्यातल्याच पालगडचा, पण त्याचं काम झालं खानदेशात. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे छात्रालय सांभाळू लागले. मुलांच्या खोल्या झाडायच्या, आजारी मुलाजवळ रात्र काढायची, हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढून रोज मुलांशी बोलायचं. सहा वर्षं चाललेलं हे काम कुठल्याही नियमावलीत बसणारं नव्हतं, आणि १९३० मध्ये गुरुजी सत्याग्रहासाठी निघून गेल्यावर ते त्यांच्याबरोबरच गेलं. व्यक्तीवर उभ्या असलेल्या जिव्हाळ्याची हीच अडचण असते.

ती अडचण ओळखून माणसाऐवजी शाळेचीच रचना बदलणारा प्रयोग उत्तर कोकणात झाला. ताराबाई मोडक भावनगरला गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या होत्या. १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळ समुद्राकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजनेत देशभर अंगणवाड्या निघाल्या, त्याच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. समोर वारली मुलं होती. या भागात सावकार, जमीनदार आणि जंगल खात्याचा माणूस यांच्याशी आदिवासींचा संबंध वेठबिगारीचा आणि माराचा. वेठीविरुद्ध गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला तोही १९४५ मध्येच, ताराबाई बोर्डीत आल्या त्याच वर्षी. शिकलेली, धुतलेल्या कपड्यातली बाई पाड्यावर आली की पोरांनी झाडीत पळावं, यात त्यांचं काही चुकत नव्हतं. ओळख व्हायला वेळ द्यावा लागला. आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं ही कामं आधी आली, अक्षरं मागाहून.

मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे कळल्यावर शिक्षक कुरणावर गेले, ती कुरणशाळा. मोठ्या मुलीला धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसावं लागतं, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या, ती विकासवाडी. आजच्या प्रशिक्षणांत ‘मुलाची पार्श्वभूमी समजून घ्या’ असं एक वाक्य असतं. कोसबाडला त्या वाक्यासाठी शाळेचं वेळापत्रक आणि जागा दोन्ही बदलली होती. हा फरक मला फार मोठा वाटतो.

समुपदेशन हा प्रवाह मात्र वेगळ्याच वाटेने आला. अमेरिकेत बोस्टनला फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये तरुणांना नोकरीधंदा निवडायला मदत करणारं कार्यालय काढलं. शाळेतल्या मार्गदर्शनाचं मूळ तिथे आहे. कार्ल रॉजर्स यांनी १९४० आणि ५० च्या दशकांत त्याला दुसरं वळण दिलं. सल्ला देण्यापेक्षा समोरच्याला समजून घेणं, त्याचा बिनशर्त स्वीकार करणं आणि आपण आत-बाहेर एक असणं, यानेच माणूस बदलू शकतो, अशी त्यांची मांडणी होती. आपल्याकडे कोठारी आयोगाने (१९६४–६६) मार्गदर्शन हा शिक्षणाचाच भाग मानून प्राथमिक शाळेपासून त्याचा विचार केला. गावात पोचला तो पार्सन्सचा वारसा. मार्गदर्शन म्हणजे दहावीनंतर काय: आयटीआय, डी.एड. की मुंबईतल्या मामाकडे. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली, तीही त्याच धाटणीची. रॉजर्स बी.एड.च्या नोट्समध्ये राहिले.

त्यात ‘मानसिक’ या शब्दाची कोकणाला भीती. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ चं. तिथे नेणं म्हणजे घराण्याला बट्टा, मुलीचं लग्न अडणार. मनाचं दुखणं कुणाला सांगता येतं, ही कल्पना मराठी घरांत रुजवण्याचं बरंच काम मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएच संस्थेने १९९० पासून केलं, पण ठाणं आणि राजापूर यांत एका रात्रीच्या एसटीचं अंतर आहे.

मग मधल्या काळात मुलांचं कोण ऐकत होतं? माझ्या मते, गावात बिऱ्हाड करून राहणारे गुरुजी. कोकण मनीऑर्डरवर चालायचं. बाप मुंबईला गिरणीत, घरी आई आणि आजी-आजोबा. बापाची पत्रं गुरुजी वाचून दाखवायचे, उत्तरं लिहून द्यायचे. त्यामुळे कुणाच्या घरी पैसे आले नाहीत, कुणाचा बाप पिऊ लागला, कुणी मुंबईत दुसरं घर केलं, हे त्यांना वर्गात शिरण्याआधीच ठाऊक असायचं. हेच गुरुजी छडीही हाणायचे, त्यामुळे त्या काळाला उगाच सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही. तरी १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार रस्त्यावर आले आणि कित्येक घरं गावी परतली, तेव्हा अधल्यामधल्या इयत्तेत आलेल्या, गप्प झालेल्या पोरांना सांभाळून घेणारं दुसरं कुणी गावात नव्हतं.

छडीवर बंदी आणली ती शिक्षण हक्क कायद्याने. हा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. २०१२ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा आला, २०१४ मध्ये किशोरवयीनांसाठीचा आरोग्य कार्यक्रम. सरकारी रुग्णालयांत या वयाच्या मुलामुलींसाठी ‘मैत्री’ नावाची क्लिनिकं दिसू लागली. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने शाळांची छपरं नेली, २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं आणि महाडजवळ तळीये गाव दरडीखाली गेलं. धास्तावलेल्या मुलांशी बोलायचं कसं, हे तेव्हा शिक्षकांनीच विचारायला सुरुवात केली. २०२२ मध्ये सखी सावित्री समित्यांचा निर्णय झाला, त्याच वर्षी मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस हेल्पलाइन सुरू झाली.

कागदावर आता कशाचीच उणीव नाही. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांचा पट विसाच्या आत आहे. एवढ्या छोट्या शाळेत प्रत्येक मूल नावानिशी ठाऊक असतं, ही जमेची बाजू. त्याच शाळेत शिक्षक घाटावरचे किंवा मराठवाड्यातले, तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलने येणारे आणि आंतरजिल्हा बदलीची वाट बघणारे. बदली मागितली यात त्यांचा दोष नाही, त्यांचेही आईबाप तिकडे असतात. पण मूल मोकळं व्हायला एखादं वर्ष घेतं आणि बदलीचा आदेश त्याच सुमाराला येतो. पत्रं वाचण्याचं काम मोबाइलने संपवलं, त्यामुळे नव्या गुरुजींना घर कळायला तोही रस्ता उरलेला नाही.

समुपदेशकाचं पद मंजूर करणं सोपं आहे. तीच व्यक्ती त्याच मुलांसमोर चार वर्षं राहील याची तजवीज एकाही निर्णयात दिसत नाही. सध्या एखाद्या मुलाला मैत्री क्लिनिकला न्यायचं ठरलं, तर सकाळच्या एसटीने तालुक्याला जाणाऱ्या बाईंच्या मागे शाळेत एकच शिक्षक उरतो आणि चार इयत्ता त्याच्याकडे असतात. एकशिक्षकी शाळेत तोही नसतो.