वजन तेच, स्नायू कमी

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यातले एक होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही तंतोतंत सारखा, म्हणजे २२.३ होता. मात्र शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले, तेव्हा युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. तेवढ्याच वजनात मेदाचा वाटा वाढला, की उरलेल्या घटकांना जागा कमी पडते आणि त्या घटकांत सर्वांत मोठा हिस्सा हाडांना जोडलेल्या, आपल्या इच्छेने हलणाऱ्या कंकाल स्नायूंचा असतो. वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

याची सुरुवात कुठे होते, हेही पुण्याच्याच संशोधनातून पुढे आले. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची मोजमापे याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. इथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर तिथल्यांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे सर्वच मापांत लहान होती, पण सगळी मापे सारख्या प्रमाणात कमी नव्हती. दंडाचा घेर, ज्यावरून स्नायूंचा अंदाज येतो, बराच कमी होता. पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली त्वचेखालच्या मेदाची जाडी मात्र बरीचशी टिकून होती. आईच्या पोटात असताना पोषण तोकडे पडले, तरी मेद सांभाळला गेला आणि स्नायूंवर काटकसर झाली, असे हे चित्र आहे. दक्षिण आशियातील प्रौढांमध्येही तेवढ्याच बॉडी मास इंडेक्सला स्नायू कमी आणि मेद अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणून स्नायूंचा विषय आपल्यासाठी केवळ पैलवानांचा किंवा जिममध्ये जाणाऱ्या तरुणांचा नाही. तो मधुमेहाचा विषय आहे आणि म्हातारपणी स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचाही आहे.

मधुमेहाशी स्नायूंचा संबंध थेट आहे. इन्शुलिनच्या प्रभावाखाली रक्तातून जी साखर उचलली जाते, तिच्यातील बहुतांश, प्रयोगशाळेतील मोजमापांनुसार सुमारे ८० टक्के, कंकाल स्नायू उचलतात. स्नायुपेशीच्या आत साखर वाहून नेणारी ग्लुट-४ नावाची प्रथिने साठवलेली असतात आणि इन्शुलिनचा संदेश मिळाला की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात. विशेष म्हणजे स्नायू आकुंचन पावला, तर इन्शुलिनच्या संदेशाची वाट न पाहताही ती वर येतात. इन्शुलिनला शरीर नीट प्रतिसाद देत नसलेल्या माणसाच्या रक्तातली साखर व्यायामाने उतरते, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

स्नायू वाढतो आणि झिजतो म्हणजे नेमके काय होते? एकेक स्नायुतंतू ही एकच लांबलचक पेशी असते आणि तिच्यात शेकडो केंद्रके असतात. तिच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या बारीक दोऱ्या एकमेकींत सरकतात, त्यामुळे स्नायू आखडतो. १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांनी ही सरकण्याची कल्पना मांडली. योगायोग असा, की दोन्ही गटांत एकेक हक्सली होते, अँड्र्यू आणि ह्यू, आणि त्यांचे परस्परांशी काहीही नाते नव्हते. ही प्रथिने एकदा तयार झाली की आयुष्यभर टिकतात, असे नाही. दररोज स्नायूंतील सुमारे एक ते दीड टक्का प्रथिन मोडले जाते आणि साधारण तेवढेच नव्याने घडते. जमाखर्चाच्या वहीत जमा थोडी जास्त पडली, तर महिन्यांच्या हिशेबात स्नायू वाढतो आणि खर्च जास्त झाला, तर तो झिजतो.

जमेची बाजू वाढवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन आहेत, भार आणि आहारातील प्रथिने. भार पेलण्याचा व्यायाम केला, की स्नायूतील प्रथिननिर्मिती वाढते आणि हा वाढीव वेग पुढे एक-दोन दिवस टिकतो. पेशीच्या आत हा आदेश पुढे नेणाऱ्या यंत्रणेच्या केंद्रस्थानी एमटॉर नावाचे प्रथिन आहे. त्याचा शोध रापामायसिन या औषधामुळे लागला. प्रशांत महासागरातील ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून हे औषध वेगळे करण्याचे श्रेय सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाकडे जाते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. पुढे माणसांवर झालेल्या एका प्रयोगात व्यायामापूर्वी रापामायसिन दिले, तेव्हा व्यायामानंतर अपेक्षित असलेली प्रथिननिर्मितीतील वाढ झालीच नाही. भाराचा निरोप या यंत्रणेतूनच पोहोचतो, याचा हा भक्कम पुरावा होता.

दुरुस्तीसाठी स्नायुतंतूच्या कडेला आणखी एक व्यवस्था असते. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायुतंतूंना बिलगून असलेल्या छोट्या पेशी दिसल्या. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. एरवी त्या निवांत असतात. इजा झाली, की जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते आणि त्या तंतूत मिसळून त्याला नवी केंद्रके देतात. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारा घटकही शरीरातच असतो. मायोस्टॅटिन हे त्याचे नाव. १९९७ साली से-जिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांतून त्याचे जनुक काढून टाकले, तेव्हा त्या उंदरांचे स्नायू दुपटी-तिपटीने वाढले. बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांचे अवाढव्य स्नायू याच जनुकातील दोषामुळे असतात. मायोस्टॅटिन रोखणारे औषध मिळाले, तर म्हातारपणीची झीज थांबेल, अशी मोठी आशा तेव्हापासून आहे. पण नुसता आकार वाढला म्हणून माणसाची चाल आणि ताकद त्याच प्रमाणात सुधारत नाही, असा अनुभव अशा औषधांच्या चाचण्यांत आला आहे.

आकार आणि ताकद यांतले हे अंतर वाढत्या वयात फार महत्त्वाचे ठरते. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर ही गती वाढते. ताकद मात्र आकारापेक्षा दोन-तीन पटींनी अधिक वेगाने घटते. झटकन आखडणारे, जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात. त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशींपैकीही काही कालांतराने नष्ट होतात आणि त्यांच्या ताब्यातले तंतू पोरके होतात. शेजारच्या चेतापेशी त्यांतल्या काहींना सामावून घेतात, उरलेले झडतात. पाय अडखळल्यावर तोल सावरायला जे तंतू लागतात, नेमके तेच कमी झालेले असतात. एरवी घरात व्यवस्थित वावरणारे आजोबा न्हाणीघराच्या उंबऱ्याला ठेचकाळून खुब्याचे हाड मोडून घेतात, त्यामागे अनेकदा ही झीज असते. इर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली तिला सार्कोपेनिया असे नाव सुचवले.

ही झीज वर्षानुवर्षे मुंगीच्या पावलाने होते, पण अंथरुणाला खिळल्यावर ती दिवसांत होते. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्त्री-पुरुषांना संशोधकांनी १० दिवस पलंगावर पडून राहायला सांगितले. त्यांना आजार नव्हता आणि आहारही पुरेसा होता. तरीही त्यांच्या पायांतील जवळपास एक किलो मेदविरहित ऊतक कमी झाले आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी घटली. यात न्यूमोनियाचा किंवा चिकनगुनियाचा ताप, सांधेदुखी आणि तुटलेली भूक मिळवा, म्हणजे रुग्णालयातून घरी आलेल्या आजींना स्वयंपाकघरापर्यंत जाणेही का जड जाते, ते कळते. अशा वेळी घरचे लोक प्रेमापोटी म्हणतात, ‘तुम्ही उठू नका, सगळं हातात आणून देतो.’ डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल, तर हे प्रेम त्यांच्या पायांना महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी हातात आणून देण्यापेक्षा हात धरून त्यांना माठापर्यंत नेणे अधिक हिताचे आहे.

गेलेली ताकद उतारवयात परत येते का, या प्रश्नाचे सर्वांत ठाम उत्तर बोस्टनच्या एका वृद्धनिवासात मिळाले. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात ८६ ते ९६ वर्षांचे १० अशक्त रहिवासी होते. एका वेळी जेवढे जास्तीत जास्त वजन पायाने उचलता येईल, त्याच्या सुमारे ८० टक्के वजन घेऊन, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे, त्यांनी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम केला. नव्वदीच्या माणसांना इतके वजन द्यायचे, हीच कल्पना तेव्हा धाडसाची होती. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या मधल्या भागातील स्नायूंचे क्षेत्रफळ मात्र सुमारे नऊ टक्केच वाढले. म्हणजे ताकदीतली सुरुवातीची बरीचशी वाढ चेतासंस्था असलेल्याच तंतूंना अधिक चांगले कामाला लावू लागते, त्यातून येते आणि आकार मागाहून वाढतो. दोघांनी काठी सोडली. पुढे चार आठवडे व्यायाम थांबवला, तेव्हा कमावलेल्या ताकदीला मोठी ओहोटी लागली. १९९४ साली याच संशोधकांनी १०० रहिवाशांवर मोठा अभ्यास केला आणि त्यात काहींना व्यायामाविना केवळ पोषक पेय दिले. नुसत्या पेयाने ताकद वाढली नाही.

हे सारे पुण्याच्या सकाळशी पडताळून पाहावे. तळजाई, हनुमान टेकडी, सारसबाग येथे सकाळी ज्येष्ठ नागरिकांची चांगली गर्दी असते आणि ती सवय खरोखर मोलाची आहे. हृदयाला, रक्तदाबाला, मनाला चालण्याचा फायदा होतोच. परंतु रोजच्या सपाट रस्त्यावर त्याच गतीने चालणाऱ्या पायांना पेलण्यासारखा नवा भार मिळत नाही आणि हातांना, खांद्यांना, पाठीला तर तो जवळजवळ मिळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम वेगळा सांगितला आहे. चालण्याची सवय असलेल्यांपैकी बहुतेकांच्या दिनक्रमात हा दुसरा भाग नसतो, ही मला काळजीची गोष्ट वाटते.

टेकडीची किंवा पर्वतीची गोष्ट थोडी वेगळी आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना दर पायरीला एकाच पायाने संपूर्ण शरीर वर उचलावे लागते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू उलट्या पद्धतीने काम करतो. तो ताणला जात असतानाच वजन तोलून धरतो आणि शरीर सावकाश खालच्या पायरीवर सोडतो. या प्रकारात स्नायू अधिक जोर पेलू शकतो आणि त्यासाठी ऊर्जा कमी लागते. म्हणून धाप न लागताही स्नायूला काम पडते. सवय नसलेल्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतात, त्या मुख्यतः या उतरण्यामुळे. लॅक्टिक आम्ल साचल्याने हे दुखणे येते, ही समजूत चुकीची आहे, कारण ते व्यायामानंतर तास-दीड तासात रक्तातून निघून जाते. दुखणे येते ते तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे आणि त्यांच्या दुरुस्तीमुळे. गुडघे कुरकुरत असतील, तर उतरण्याचे प्रमाण बेताने वाढवावे.

भार म्हणजे जिमचे लोखंडच हवे, असेही नाही. पुण्याच्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले जोर आणि बैठका हा स्वतःच्या शरीराच्या वजनाचा भारच आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या अभ्यासांत असे दिसले, की हलके वजन स्नायू थकेपर्यंत उचलले, तरी आकारातील वाढ जड वजनाइतकीच होते. कमाल ताकद वाढवायची, तर जड वजनच अधिक उपयोगी पडते. जे सहज जमते, त्यात थोडी भर घालत राहणे मात्र दोन्हीकडे आवश्यक आहे. वर्षभर त्याच एक किलोच्या डंबेलने हात हलवून स्नायूला नवे काही सांगितले जात नाही. व्यायाम करताना श्वास रोखू नये. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, हर्निया किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारूनच सुरुवात करावी.

आता प्रथिनांविषयी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. ज्येष्ठांनी १ ते १.२ ग्रॅम घ्यावे, असे वृद्धांच्या पोषणाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांचे मत आहे. वय वाढले, की तेवढ्याच प्रथिनाला स्नायू कमी प्रतिसाद देतो. एका विश्लेषणानुसार प्रथिननिर्मिती पुरेशी चेतवायला तरुणाला एका जेवणात दर किलोमागे सुमारे ०.२४ ग्रॅम, तर वृद्धाला सुमारे ०.४ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या आजोबांसाठी हे एका जेवणाला २४ ग्रॅम होतात. त्यांच्या वाटीभर पातळ वरणात २५ ग्रॅम तूरडाळ असेल, तर त्यातून जेमतेम सहा ग्रॅम मिळतात. सकाळी चहा-बिस्किटे आणि रात्री दात नाहीत म्हणून दूध-पोळी किंवा मऊ भात, असा आहार असेल, तर गरज भागणे कठीण. उपासाच्या दिवशी साबुदाण्यातून प्रथिन जवळजवळ काहीच मिळत नाही, जे मिळते ते दाण्याच्या कुटातून. घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, सोयाबीन आणि चालत असतील तर अंडी व मासे, यांचा वाटा प्रत्येक जेवणात वाढवणे हा साधा उपाय आहे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. वजन उतरवण्याची नवी इंजेक्शने घेणाऱ्यांनीही याकडे लक्ष द्यायला हवे, कारण झपाट्याने उतरलेल्या वजनात मेदाबरोबर स्नायूही असतो.

स्वतःची स्थिती घरी तपासता येते. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर पुढची तपासणी करावी. शिवणकामाची टेप त्याला पुरते. दवाखान्यात मुठीची पकड मोजतात आणि ती पुरुषांत २८ व स्त्रियांत १८ किलोहून कमी असेल, तर ताकद घटल्याचे समजतात. तिसरी चाचणी खुर्चीची आहे. भिंतीला टेकवून ठेवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसावे, हात छातीवर घ्यावेत आणि शक्य तितक्या लवकर पाच वेळा पूर्ण उभे राहून बसावे. घड्याळ घेऊन कोणीतरी शेजारी उभे असावे. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. हाताचा आधार घेतल्याशिवाय एकदाही उठता येत नसेल, तर खुर्चीवर जाड उशी ठेवून बैठक उंच करावी, तेवढ्या उंचीवरून उठण्याचा सराव करावा आणि तो सोपा वाटू लागला, की उशी काढावी.