भागाकारातून निघणारा सूर

जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीच्या एवाय-३-८९१० या आवाज काढणाऱ्या चिपमध्ये एकही सूर साठवलेला नसतो. आत सगळी मोजणी चालते. १९८०च्या दशकात अॅमस्ट्रॅड सीपीसी, स्पेक्ट्रम १२८, एमएसएक्स अशा घरगुती कॉम्प्युटरमध्ये ही चिप किंवा तिची भावंडं वाजत होती.

समजा, चिपला २० लाख हर्ट्झचं क्लॉक, म्हणजे सेकंदाला २० लाख ठोके, दिलंय आणि आपल्याला ४४० हर्ट्झचा सूर हवाय. २० लाखाला आधी १६ने भागायचं, मग ४४०ने. उत्तर येतं साधारण २८४. एका रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या आकडा ठेवायच्या खणात, २५५च्या वरचा आकडा मावत नाही, म्हणून पहिल्यात २८ लिहायचे आणि दुसऱ्यात १. हा १ म्हणजे २५६. चॅनेल, म्हणजे सूर वाजायची वाट, उघडून आवाज वाढवला, की चौकोनी तरंगाचा तो नाकातला सूर सुरू होतो आणि आपण गप्प करेपर्यंत वाजत राहतो. आकडा पूर्णांकच लागतो, त्यामुळे वरच्या पट्टीत पंचाईत होते. ७०४० हर्ट्झ हवे असतील तर १८ लिहून ६९४४ मिळतात, १७ लिहून ७३५३. तयार कानाला हे लगेच खटकतं.

असे तीन चॅनेल, खरखर काढणारं एक सर्किट आणि आवाजाच्या चढउताराची तिघांत मिळून एकच सोय. एवढ्यात भागवायचं! मग संगीतकार एकाच चॅनेलवर सा-ग-प सेकंदाला ५० वेळा बदलत फिरवायचे. कानाला तिन्ही सूर एकत्र, थरथरत ऐकू येतात. त्या काळच्या गेम्सची ओळखच ही थरथर.

आकडे कोण पाठवतंय याच्याशी चिपला देणंघेणं नसतं. म्हणून मेलेल्या मशीनमधली चिप काढून आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, जोडता येते. आठ डेटा पिना आणि बीसी१, बीडीआयआर या नियंत्रणाच्या पिना त्याला जोडायच्या, बीसी२ आणि रीसेट या पिना ५ व्होल्टला. क्लॉकही आर्डुइनोच्या टायमरमधून निघतं. आउटपुट मात्र थेट स्पीकरला लावू नये, मध्ये अॅम्प्लिफायर हवा. चालू स्थितीतला जुना कॉम्प्युटर यासाठी फोडणं मला पटत नाही. सुट्या चिप मिळतात, फक्त जुनी अक्षरं घासून नवी छापलेला मालही बाजारात फिरतो.

चिप हातात आली की रजिस्टर ०मध्ये २८, १मध्ये १, ७मध्ये ६२ आणि ८मध्ये १५ लिहून बघा. पहिल्या चॅनेलवर ४४०चा सूर यायला हवा. नाही आला तर आधी वायरिंग तपासा, मग विकणाऱ्याला फोन लावा.