दोडामार्गात जमीन बघताय? ‘खाजगी वन’ वेगळं, ‘वनसंज्ञा’ वेगळी

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात जमीन बघायला आलेल्या माणसाला एजंट आधी डोंगर दाखवतो. खाली तिलारीचं पाणी, उतारावर काजू, वर रबराच्या रांगा. सातबारा निघतो तो परतीच्या वाटेवर. त्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘वन’ असं काही दिसलं की एजंट म्हणतो, “इथे सगळ्यांच्याच उताऱ्यावर असतं ते.” नेमकं इथेच थांबायला हवं, कारण या रकान्यात दोन अगदी वेगळ्या नोंदी असू शकतात.

‘खाजगी वन’ या नावातला ‘खाजगी’ फसवा आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अशी वनं ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारजमा झाली. म्हणजे नोंद खरी असेल तर समोरचा माणूस जी जमीन विकतोय ती त्याची राहिलेलीच नाही. भाव कितीही पाडून मिळाला तरी तो सौदा नको. अपवाद आहेत. त्या दिवशी कायदेशीर लागवडीखाली असलेली, कमाल जमीनधारणेच्या मर्यादेतली जमीन वगळलेली होती, आणि कलम २२-अ खाली काही छोट्या मालकांना जमीन परतही मिळते. १९२७ च्या वन कायद्याखाली निघालेल्या नुसत्या जुन्या नोटिशीच्या आधारावर जमीन खाजगी वन ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोदरेज प्रकरणात सांगितलं. पण हे सिद्ध करणं विकणाऱ्याचं काम. ते झाल्याशिवाय विसारही देऊ नये.

‘वनसंज्ञा’ची गोष्ट निराळी. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की मालक कोणीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे त्याला १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू. त्यानंतर सिंधुदुर्गात कितीतरी खातेदारांच्या उताऱ्यावर हा शेरा आला. इथे मालकी शाबूत असते, खरेदीखतही होऊ शकतं. अडतो तो वापर. वनेतर कामाला केंद्राची परवानगी लागते, आणि वनेतर काम म्हणजे फक्त घर किंवा रिसॉर्ट नव्हे. कायद्यातच रबर, चहा, कॉफी, मसाले आणि फळबागायतीसाठी जमीन मोकळी करणं हे वनेतर काम म्हटलं आहे. ‘झाडंच तर लावायचीत’ हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. शेजारच्या डोंगरावर रबर उभं आहे, हाही पुरावा नव्हे.

जमिनीवर स्वतः चालून बघा. रबराच्या बागेत खोडाखोडावर तिरपी चीर असते, तिच्याखाली चिकाची वाटी बांधलेली, आणि ओळीतून आरपार दिसतं. बाग संपून रान सुरू झालं की दहा पावलांवरचं दिसत नाही. उताऱ्यावर ‘जिरायत’ आणि पायाखाली असं दाट रान असेल तर शेरा नसतानाही वकिलाला विचारा. गावात मुक्काम करून हत्तींबद्दलही विचारा. २००२ पासून ते कर्नाटकातून इकडे उतरतात, आणि मोडलेल्या माड-केळींचा हिशोब कुठल्याच एजंटच्या कागदात नसतो. मला स्वतःला हे रान तुमच्या-माझ्या गुंतवणुकीपेक्षा मोलाचं वाटतं. सह्याद्रीतला वाघांचा वावर याच पट्ट्यातून आहे.

उतारा कोरा असला तरी गाव कुठलं ते पाहावं लागतं. दोडामार्ग तालुक्यात वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घातली, आणि २०२४ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याचा आदेश दिला. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेताना कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, ते वेगळंच.

शेरा कुठलाही असो, त्याच्यापुढे फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार तलाठ्याकडून काढून घ्या आणि कुठल्या कायद्याच्या, कुठल्या आदेशाने नोंद झाली ते वाचा. विकणारा तो दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तिलारीचं धरण बघा, मांगेलीचा धबधबा बघा आणि घरी या.