कळतं, पण तोंडात येत नाही

खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात मराठी माणसाच्या तोंडी एक तक्रार हमखास असते: ‘कन्नड सगळं कळतं हो, पण बोलायला गेलं की शब्दच सापडत नाही.’ शाळेत तो कन्नड शिकलेला असतो. कागुणित, म्हणजे कन्नड बाराखडी, त्याला पाठ असते आणि बसची पाटी तो न अडखळता वाचतो. तरी बाजारात दह्याला काय म्हणायचं ते ऐन वेळी आठवत नाही. दुकानदार ‘मोसरु’ म्हणाला की लगेच वाटतं, अरे, हे तर येत होतं!

येत होतंच, पण अर्धवट. ऐकलेला शब्द ओळखणं वेगळं आणि गरज पडताच तो स्वतः आठवून काढणं वेगळं. पहिल्याचा कितीही सराव केला तरी दुसरं त्या मानाने फार कमी सुधारतं. आपल्याकडचा गृहपाठ मात्र बहुधा ‘शब्दार्थ दहा वेळा लिहून आणा’ असाच. तिसऱ्या ओळीपासून हात लिहीत असतो, डोकं मैदानात पोचलेलं असतं. वरची ओळ बघून खालची उतरवताना आठवायचं काहीच नसतं.

जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये नेमका हाच फरक मोजला. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले 40 शब्द अर्थांसह शिकायला दिले. एखादा शब्द एकदा बरोबर आठवला की पुढे काही जण तो नुसता वाचत राहिले, तर काही जण वाचन सोडून फक्त स्वतःची परीक्षा घेत राहिले. आठवड्यानंतर परीक्षावाल्यांना सुमारे 80 टक्के शब्द आठवले, वाचणाऱ्यांना 36 टक्क्यांच्या आसपास. गंमत अशी की आपल्याला किती आठवेल याचा सगळ्याच गटांचा अंदाज जवळपास सारखा, साधारण निम्मे, असा होता. वाचताना शब्द ओळखीचा वाटतो आणि ती ओळखच आपल्याला फसवते.

दुसरी गोष्ट दोन उजळण्यांमधल्या अंतराची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून 1885 मध्ये दाखवलं, की विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं. हॅरी बारिक या मानसशास्त्रज्ञांच्या कुटुंबातल्या चौघांनी तर परभाषेतल्या 300 शब्दांवर नऊ वर्षं प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 1993 मध्ये छापून आले. दर 56 दिवसांनी केलेल्या 13 उजळण्या, दर 14 दिवसांनी केलेल्या 26 उजळण्यांच्या तोडीच्या ठरल्या. निम्म्या कष्टात तेवढंच फळ! मात्र मोठ्या अंतराने आठवायला जास्त ताण पडतो, चुकायलाही होतं. म्हणून पहिली अंतरं छोटी ठेवून पुढे वाढवत नेणं सोपं जातं.

सीमाभागात हे अंतर आयतंच मिळतं. आठवडी बाजार त्यासाठीच भरतो म्हणा ना! दर आठवड्याला तेच मीठ, तेच तांदूळ: ‘उप्पु’, ‘अक्कि’. अडचण येते ती आपल्या लोकांच्या चांगुलपणाची. आपण ‘एष्टु री?’, म्हणजे ‘किती हो?’, म्हणून पुढच्या शब्दाला अडखळलो की दुकानदार लगेच मराठीवर येतो, आणि आठवण्याची ती घडी वाया जाते. ओळखीच्या दुकानदाराला सांगून ठेवावं: ‘अण्णा, जरा थांबा, मला आठवू द्या.’ नाहीच आठवलं तर बरोबर शब्द त्यानेच सांगावा. चुकीचा शब्द तसाच पुढे जाऊ देऊ नये.

‘शाले’, ‘पुस्तक’, ‘रात्रि’ अशा शब्दांवर फार वेळ घालवू नये, संस्कृतच्या नात्याने ते आपल्याला येतातच. कस लागतो तो स्वयंपाकघरात, कारण तिथले बरेच शब्द अस्सल द्राविडी. दुधाला ‘हालु’. इथे मराठीची मदत घ्यायची: चरवी घेऊन चालताना दूध हलतंय असं चित्र डोळ्यांपुढे आणायचं. ओळखीच्या उच्चाराला चित्र जोडण्याची ही युक्ती रिचर्ड ॲटकिन्सन आणि मायकेल रॉ या संशोधकांनी 1975 मध्ये रशियन शब्दांवर तपासली होती आणि ती चांगली चालली.

एक खोड मात्र पाठ्यपुस्तकांनीच सोडायला हवी, ती म्हणजे एका जातीचे शब्द एकाच धड्यात कोंबण्याची. ‘निन्ने’ म्हणजे काल, ‘मोन्ने’ म्हणजे परवा, पण होऊन गेलेला, आणि ‘नाळे’ म्हणजे उद्या. तिन्ही एकाच दिवशी शिकवले की पोरं महिनाभर काल आणि उद्यात घोटाळा करतात. नवे शब्द अर्थाने जवळचे असले तर ते एकमेकांच्या आड येतात, हे प्रयोगांतही दिसलं आहे. आधी ‘नाळे बस इल्ल’, उद्या बस नाही, एवढंच शिकवावं. ते तोंडात बसलं, की पंधरवड्याने ‘निन्ने’ काढावं.